सहावं पॅनेल

कारंजा,
मंगळवार

प्रिय पियूष,

पत्र बघून हसू नकोस. पुण्याहून तू मेसेजवर एवढंच विचारलंस, सोलर पॅनेल देशी की विदेशी? एका शब्दात उत्तर देता आलं असतं. पण सकाळपासून मी दुकानात नुसत्या येरझाऱ्या घालतोय. अकोल्याचा व्यापारी ऑर्डर पक्की करायला फोनवर फोन करतोय आणि मी उचलत नाहीये.

एरवी मी डोळे झाकून देशी पॅनेलच बसवतो. घरासाठीची सबसिडी त्याच्यावरच मिळते. शिवाय आपल्या कामरगावची माकडं तुला ठाऊकच आहेत. उड्या मारून त्यांनी काच फोडली, तर कंपनीचं तसंच पॅनेल अकोल्यात मिळतं. मी आणतो तो विदेशी माल कमी जागेत जास्त वीज देतो, पण तो विकणारा दोन वर्षांनी कुठे शोधायचा? म्हणून गच्ची अगदीच लहान असली तरच मी त्याचं नाव काढतो.

तुमची गच्ची लहानच. देशी सहा लागतील, विदेशी पाचांत भागेल. आणि ते सहावं नेमकं तुझ्या आईच्या कोपऱ्यावर येतं, जिथे काकू रोज सकाळी पाखरांना ज्वारी-पाणी ठेवतात. लहानपणी पोपटांना हाकलून आपण तिथे चिमण्यांची बाजू घेतली होती आणि दोघांनी काकूंकडून कान पिळून घेतले होते, आठवतं? गेल्या महिन्यात माप घ्यायला गेलो तेव्हा काकूंनी दमच भरला, कोपऱ्याला हात लावलास तर चहा बंद!

काल खुणा करायला गेलो, तर म्हणाल्या, "झाकून टाक सारं. आता कोन चढते वर?" वर जाऊन पाहिलं, पाण्याचं भांडं कोरडं ठणठणीत.

पियूष, काकू जिन्यावरून पडल्या. पंधरवडा झाला. हात गळ्यात बांधलाय, म्हणूनच हल्ली तुझा व्हिडिओ कॉल घेत नाहीत. मी निघालो तर दारात अडवून म्हणाल्या, "किशन, तुले माही आन हाये, पियूषले फोन करू नोको. कामधंदा सोडून पयत येईन तो." फोन मी केलेला नाही. पत्राचं त्या काही बोलल्या नाहीत. विदेशी पाच मागवतोय, कोपरा मोकळा राहील. सबसिडी गेली म्हणून हव्या तेवढ्या शिव्या दे, पण समोर येऊन दे. पॅनेल मी एका दिवसात बसवीन. जिन्याला कठडा मात्र मी लावणार नाही. तो तू येऊन लाव.

तुझी वाट बघणारा, तुझाच
किशन