वादीचे दात, प्रतिवादीच्या खिशात

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या आठांपैकी चारच अंगं जमिनीला लागतात; बाकीची मनाने लागली असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला अजून त्यांच्या आधी खोलीत येतो, की आता बरोबर येतो? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे मी, ही आणि आमच्यावरचे दावे. आजवरचे चार निकाली निघाले, पाचव्याने मात्र चांगलं बाळसं धरलंय.

आपल्या शेजारचे भूगोल मास्तर तू विसरली नसशीलच. नकाशातला समुद्र हिरवा रंगवलास म्हणून त्यांनी तुला तासभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. निवृत्त झाल्यापासून त्यांना शिकवायला देश उरले नाहीत, तेव्हा त्यांनी आपल्या दोन घरांमधली हद्दच शिकवायला घेतली. पहिला दावा आपल्या पेरूच्या सावलीवर होता. ती दुपारी तीननंतर त्यांच्या अंगणात विनापरवाना शिरते म्हणून. दुसरा आपल्या पन्हळीच्या पाण्यावर, तिसरा माझ्या शिंकण्यावर (सामाईक भिंतीला हादरे बसतात म्हणे), आणि चौथा कशावर होता ते ना मला कळलं ना कोर्टाला. नोटिसा ते स्वतःच लिहितात, आणि जन्माची सवय जाते कुठे! परवाची नोटीस सुरूच होते "कारणे द्या" अशी, खाली चार उपप्रश्न, आणि समासात "उत्तर सुवाच्य अक्षरात लिहावे." मी आपलं उत्तर पाठवलं, तर ते लाल शाईने तपासून परत आलं. शुद्धलेखनाच्या सात चुका.

हा पाचवा दावा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यांचं म्हणणं असं, की हद्दीचा दगड पूर्वी दीड फूट आपल्या बाजूला होता, कुणीतरी तो सरकवला, आणि माझ्या कारखान्याची मागची भिंत त्यांच्या जागेत उभी आहे. (कारखाना म्हणजे अप्पांनी बांधलेली ती पत्र्याच्या छपराची खोली. तीस वर्षं मी तिथेच लोकांच्या कवळ्या घडवतोय.) ती भिंत पाडायची म्हणजे माझं टेबल, साचे, पॉलिशचं चाक सगळं उघड्यावर. मला इतका संताप आला की मी मास्तरांशी बोलणंच टाकलं. नंतर कळलं की त्यांनी ते माझ्याशी चौथ्या दाव्यापासूनच टाकलेलं होतं. माझ्या लक्षात आलं नव्हतं इतकंच.

तर तारखेच्या आदल्या संध्याकाळी मास्तर नळावर चूळ भरत असताना त्यांची वरची कवळी निसटली, ती थेट धुण्याच्या दगडावर. दोन तुकडे! आता या भागात कवळी सांधणारा माणूस एकच, आणि तो प्रतिवादी. अर्ध्या तासाने भिंतीपलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर भिंतीवर वर्तमानपत्राची पुडी, आत दोन तुकडे आणि चिठ्ठी: "दाव्यातील हक्कांस बाधा न येता दुरुस्ती करावी." ही म्हणाली, "करा की. फक्त इतकी घट्ट बसवा, की तोंडच उघडायला नको." पण गिऱ्हाइकाचं तोंड बघावं, स्वभाव बघू नये, ही अप्पांची शिकवण. सकाळी लवकर उठून कवळी सांधली, घासली, चकाकवली आणि द्यायला गेलो, तर दाराला कुलूप. मास्तर पहिल्या बसने कोर्टात रवाना! मी कवळी डबीत, डबी खिशात आणि स्वतःला दुसऱ्या बसमध्ये घातलं.

पोचतो तोवर पुकारा झालेला. वर न्यायाधीशबाई, समोर मास्तर. त्यांचे वकील तेच असल्यामुळे त्यांच्या वतीने बोलायला दुसरं कुणी नाही. मी धापा टाकत आमच्या वकिलांच्या कानात डबीची हकिगत सांगतोय, तोवर मास्तरांनी छाती भरून "प्रतिवादीने अतिक्रमण केले आहे" हे वाक्य सुरू केलं. दातांवाचून "त" कसा निघायचा? निघालं ते "अहिक्रमण." बाईंनी पेन थांबवलं.

"अहि? म्हणजे साप? कुठे निघाला साप?"

"फाप नाही! हह्ह! हह्ह!" मास्तर ओरडले (म्हणायचं होतं "हद्द"), आणि कारकुनाने पाय खुर्चीवर घेतले.

मागच्या बाकांवर लोक खो खो हसायला लागले. बाई म्हणाल्या, "वादीला म्हणणं मांडता येत नसेल, तर मला हा दावा आजच काढून टाकावा लागेल." आमचे वकील (जे कोर्टात बसून झोपतात म्हणून प्रसिद्ध आहेत) टक्क जागे झाले आणि म्हणाले, "डबी काढू नका. पाच मिनिटं. नुसती पाच मिनिटं दम धरा!"

मी धरला होता गं. पण मास्तरांकडे नजर गेली. गाल आत गेलेले. ज्या आवाजाला अख्खी शाळा चळचळा कापायची, त्याला लोक हसत होते, आणि ते हसणाऱ्यांकडे न बघता तेच वाक्य पुन्हा म्हणून बघत होते. हळू. स्वतःशीच. मला राहवलं नाही. उठलो आणि म्हणालो, "बाई, वादीचे दात माझ्याकडे आहेत."

मास्तरांनी पाठ फिरवून कवळी बसवली, दोनदा चावून बघितली, आणि पाच महिन्यांत माझ्याशी पहिलं वाक्य बोलले: "उजवीकडे जरा टोचतंय." त्यानंतर ते सलग चाळीस मिनिटं बोलले. बाईंनी मोजणीचा हुकूम दिला. वकील बाहेर येऊन म्हणाले, "समोरच्याचे दात स्वतःच्या हाताने स्वतःच्या घशात घालून घेणारा पक्षकार मी पहिल्यांदाच पाहिला," आणि माझे कागद माझ्या हातात देऊन चालते झाले.

काल मोजणी झाली. पुढच्या महिन्यात तारीख आहे. मी पूर्ण निर्दोष असल्यामुळे मला कसलीही काळजी नाही, तूही करू नकोस. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : वर "निर्दोष" लिहिलंय ते खोडायचं राहिलं. दगड खरंच दीड फूट सरकलेला निघाला, आणि कुणी सरकवला तेही मला तिथेच, मोजणीदाराच्या देखत आठवलं. तू बाराची, मी नऊचा. दोरीवरच्या उड्यांना अंगण पुरत नाही म्हणून तू हुकूम सोडलास आणि आपण दोघांनी पहार लावून तो ढकलला. (माझ्या अंगठ्यावर आला होता. घरी आपण "दारात बोट सापडलं" म्हणून सांगितलं.) पुढे अप्पांनी त्याच दगडाला धरून खोली बांधली. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक!

ता. क. २ : आता पत्राचं खरं कारण. घर आपल्या दोघांच्या नावावर आहे, म्हणून ती पट्टी मास्तरांना सोडून द्यायची तर तुझी सही लागते. कागद सोबत आहे. टेबल मी पुढच्या खोलीत आणीन. हिला अजून सांगितलेलं नाही, तेव्हा उत्तर पाठवशील त्यात "खोली" हा शब्द नको.

ता. क. ३ : सही कर, पण घाई करू नकोस. आत्ताच भिंतीवरून मास्तरांना सगळं कबूल केलं. वाटलं, खूश होतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मी वर्गातसुद्धा आयतं उत्तर कधी चालवून घेतलं नाही," म्हणाले. मग वळता वळता, "चौदा पानांचं भाषण लिहून झालंय रे माझं." तारीख अठराची आहे. कागद एकोणीसला पोचेल असा टाक.