अकराव्या संत्र्याबाबत

मी, कु. वच्छला महादेव बागडे, वय ६७, निवृत्त अर्थशास्त्र अध्यापिका, राहणार मानेवाडा, नागपूर, पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. आज जरा तरंगते आहे, पण त्याला कायद्याची हरकत नसावी.

१. माझे राहते घर व बँकेतील ठेवी माझ्या पश्चात भाची भावना हिला मिळाव्यात. घराबाबत कलम ४ आधी पाहावे.

२. कॉलेजात आमच्या वर्गाचा पंखा काढून भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लावला, कारण 'खरे शास्त्र तिकडे चालते'. हा राग मी कोणालाच देत नाही. तो माझ्याबरोबर येईल.

३. 'समतोल' आणि 'लवचिकता' हे शब्द आमच्या विषयाने भौतिकशास्त्राकडून उसने आणले. ते त्या प्रयोगशाळेचे तेव्हाचे प्रमुख श्री. रुपराव वानखेडे, वय ७०, विधुर, यांना परत करावेत. ते म्हणायचे, "वर फेकलेला चेंडू खाली येतेच, बाई. तुमचा भाव येते का?" मी म्हणायची, "चेंडूले अफवा ऐकू येत नाही, सर. माणसाले येते."

एकदा काटोलची संत्री घेऊन मी वर्गात नियम शिकवत होते: इतर परिस्थिती कायम राहिल्यास, प्रत्येक पुढच्या फळाचे समाधान घटत जाते. सर मुद्दाम खायला बसले. मी सोलत गेले, ते खात गेले. अकरावे संत्रेही त्यांनी पहिल्याइतक्याच आवडीने खाल्ले. भर वर्गात माझा नियम तोंडावर पडला. परवा कारण विचारले, तर म्हणाले, "सोलून कोण देऊन राहिलं, हे तुमच्या नियमात होतं का?" तेवीस वर्षे मी उगाच भांडले.

४. सबब, रुपरावांना माझ्या घरात हयातभर राहण्याचा हक्क देते. मात्र ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे, त्याने साक्षीदार म्हणून सही केली की ते हातचे जाते. आज सर साक्षीदार म्हणूनच आले आहेत. हे कलम त्यांना वाचायला देते आहे.

५. त्यांनी पेनाला टोपण लावले.
"काहून, सर?"
"सही केली तर घर जाते ना. पण बाई, हे सारं तुमच्या मागं. आतापासून राहाले काय करा लागते?"
"लग्न," मी म्हटले.
"मंग रजिस्टर लग्नाची नोटीस कधी द्याची?"
सोमवारी द्यायचे ठरले.

साक्षीदार:
१. जयवंता ढोके, शेजारीण (सही)
२. गोपाळराव ढोके, तिचे यजमान, जेवणावरून उठवून आणलेले (सही)

स्थळ: नागपूर
दिनांक: १८ जानेवारी २०२५

वच्छला बागडे (सही)

ता. क. इतर परिस्थिती कायम राहिलेली नाही.