फोटो कोणी काढला

सर,

तुमच्या तेरवीला मी आलो होतो आणि पोटभर जेवलो होतो. दुःख झालं म्हणून नाही, तुम्ही खरंच गेलात की नाही याची खात्री करून घ्यायची होती. मांडवात खुर्चीवर तुमचा हार घातलेला फोटो ठेवला होता. सुरेख होता. कोट, चष्मा, चापूनचोपून बसवलेले केस. त्याच्याकडे बघत मी पुन्हा वरण वाढून घेतलं आणि मनात म्हटलं, यांना मिळाला फोटो, माझ्या मायला नाही मिळाला. त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. राग मात्र तसाच आहे, म्हणून लिहितो आहे.

तुम्ही आम्हाला रविवारी भटकायला न्यायचात, हे कबूल. बुलढाण्याहून सायकली निघायच्या, कधी राजूर घाटात, कधी आमच्या देऊळघाटला पैनगंगेवर. पुढे तुम्ही, गळ्यात कॅमेरा, आणि मागे आम्ही नववीची पोरं, डब्यात भाकरी न् ठेचा. वर्गात तुम्ही भूगोल शिकवायचात, पण खुलायचात ते घाटात. एखादा ढग डोंगरावर टेकला की सगळ्यांना गप्प उभं करायचात. कॅमेऱ्याला मात्र कुणी बोट लावलेलं तुम्हाला खपायचं नाही. त्या रविवारी देऊळघाटला काय मनात आलं कोण जाणे, जेवण झाल्यावर तुम्ही आंब्याखाली बसलात आणि कॅमेरा माझ्या हातात दिलात. "जाय, एक काढ. एकच. रोल काही झाडाले लागत नाही."

मी नदीकडे पळतो. माय गुडघाभर पाण्यात उभी राहून मुळे धुते आहे, दुसऱ्या दिवशी बाजार आहे. मी दगडावर उभा राहतो, कॅमेरा डोळ्याला लावतो, श्वास रोखतो. ती मान वर करून बघते आणि एकदम खो खो हसत सुटते. "अरे येड्या, त्याच्या डोयावरचं झाकन त काढ पयले!" खरंच, काचेवरचं झाकण तसंच होतं. वरच्या छोट्या खिडकीतून मला सगळं दिसत होतं, त्यामुळे पत्ताच नव्हता. मी झाकण काढलं, ती अजून हसतच होती, मी खटका दाबला. परत आलो तेव्हा तुम्ही घोरत होता. मायचा उभ्या जन्मात निघालेला तो एकच फोटो.

त्याला जिल्ह्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. वर नाव 'श्रमदेवता', खाली नाव तुमचं. शाळेत शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला, आणि भाषणात तुम्ही सांगितलंत की त्या एका हसण्यासाठी तुम्ही सकाळपासून पाण्यात उभे होतात. पाण्यात! माय तिच्या पोराच्या वेंधळेपणाला हसत होती, आणि तुम्ही तिला देवता करून टाकलंत. मी तुम्हाला व्हरांड्यात गाठलं. "सर, तो फोटो त म्या काढला." तुम्ही शाल सावरलीत. "खटका दाबला म्हनजे फोटो काढला होते काय बे? कॅमेरा माहा, रोल माहा. मंग फोटो कोनाचा?" बाजूचे मास्तर हसले. मीही हसलो, आणि आजवर मला सगळ्यात जास्त चीड त्या माझ्या हसण्याची आहे.

माय विचारायची, "माहा फोटू निघाला का रे?" मी तुमच्याकडे प्रत मागायचो. तुम्ही म्हणायचात, "देतो ना, पाहू." फोटो शाळेच्या हॉलमध्ये काचेत लागला. चल, दाखवतो म्हटलं तर माय लाजायची, "त्या मोठ्या शायेत मी कशाले येऊ?" मी दहावीत असताना ती काविळीनं गेली. तिनं तो फोटो पाहिलाच नाही. तेरवीला पाटावर ठेवायला काही नव्हतं, म्हणून मी सायकल हाणत तुमच्या दारात आलो. एका दिवसापुरता द्या म्हटलं. तुम्ही मला आतही घेतलं नाहीत. शाळेची वस्तू बाहेर देता येत नाही, म्हणालात. आम्ही पाटावर तिचा कुंकवाचा करंडा ठेवला आणि त्यालाच हार घातला. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही, आणि तुम्ही आपले आजारी पडून मोकळे झालात.

परवा शाळेनं हॉलला तुमचं नाव दिलं. रविवारी कॅमेरा घेऊन रानोमाळ हिंडणारा हौशी म्हणून कार्यक्रमाचे फोटो काढायला मलाच बोलावलं, अर्थात फुकट. मी आदल्या दिवशीच उजेड बघायच्या निमित्तानं गेलो, बाकावर चढलो, मायला भिंतीवरून उतरवलं आणि पिशवीत घालून घरी आणलं. कार्यक्रमात नवे मुख्याध्यापक माईकवरून तुमचं गुणगान करत भिंतीकडे हात करतात, तर तिथे नुसता खिळा. "अरे, इथला फोटो कोनं काढला?"

"म्या काढला," मी मागून म्हणालो.

"काऊन? कशाले काढला?"

"कालही म्याच काढला, आन् नववीत असतानीबी म्याच काढला."

सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. मी पुढे गेलो, माईक घेतला आणि सगळं सांगितलं. झाकण, मुळे, तुमचं घोरणं, मायची तेरवी, काही ठेवलं नाही. घोरण्यापाशी लोक हसले. तुम्हाला हसले, सर, तुमच्याच नावाच्या हॉलमध्ये. इतकं गोड मी बऱ्याच वर्षांत काही ऐकलं नव्हतं. तुमच्या मंडळी पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. मला वाटलं भांडतील, मी तयारीतही होतो. त्या एवढंच म्हणाल्या, "नेला त नेला, बाबा. तुहीच माय हाय." मला त्यांचं वाईट वाटलं. तुमचं वाटलं नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, पाकीटसुद्धा आणलेलं नाही. माय आता आमच्या बैठकीत आहे. तुमच्या नावाची पट्टी मी ब्लेडनं खरवडली. आज सकाळी काच पुसताना फोटो पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला. दातांमधली फट, मुळ्यांवरून निथळणारं पाणी, सगळं लख्ख. तुमच्या त्या कॅमेऱ्यात अंतर हातानं जुळवावं लागायचं, नाहीतर माणूस धुरकट यायचा. नववीत मला असं काही असतं हेही ठाऊक नव्हतं. आंब्याखाली कॅमेरा माझ्या हातात देण्याआधी तुम्ही नदीकडे पाहिलं होतं, मायकडे पाहिलं होतं, काचेभोवतीची चकती जराशी फिरवली होती, आणि कुठल्या दगडावर उभं राहायचं ते बोटानं दाखवलं होतं. हे मी माईकवर सांगितलं नाही. सांगणारही नाही.