जळगावचं ऊन आणि टाकीतलं तेल

जळगाव, मे १९९३, संध्याकाळ

कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहून बनवलेल्या टाकीत कच्च्या तेलातलं पाणी इतकं झटपट खाली बसलं, की मलाच शंका आली. उद्या तेल कंपनीचे साहेब हा प्रोग्राम बघायला येणार! शेवटी घोळ सापडला. तेलाचं तापमान मी आपलं इथलं टाकलं होतं, चव्वेचाळीस अंश. त्यांच्या टाक्या थंड गावात. तिथे तेल घट्ट, पाणी सुटतच नाही. इतका कसा मी वेंधळा?

घरी वडिलांना, आबांना, सांगितलं. पंख्याखाली घाम पुसत म्हणाले, "मंग ते तेल जयगावलेच लई ये ना!"

तेलच जळगावला घेऊन यायचं! खूप हसलो. हसता हसता थांबलो. चव्वेचाळीस... तेल आधी तेवढं तापवूनच टाकीत सोडलं तर? उद्या साहेबांना हेच दाखवतो.

या उन्हाला आज पहिल्यांदाच शिवी दिली नाही.