बैलांच्या मापाची घोडी

खुटबाव, ता. दौंड
४ मार्च २०२५

ती. हनुमंतमामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार आईच्या सांगण्यावरून घातलाय, तो तिच्याकडूनच आला असं धरा. तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात म्हणून कागदावर लिहितोय. फाडायचा असेल तर वाचून फाडा.

परवा तुमच्या गोठ्यात जी तांबडी घोडी बघितली, कपाळावर टिकलीएवढा पांढरा ठिपका असलेली, तिला मी ओळखतो. तिनंही मला ओळखलं. कॉलेज सोडून मी पुण्याला रेसच्या तबेल्यात सईस होतो, तेव्हा तिचा खरारा, पाणी, वैरण सगळं माझ्याकडं होतं. कागदावर तिचं नाव मोठं इंग्रजी. मी टिकली म्हणायचो. दोन वर्षांची असताना, हाडं भरायच्या आत, तिच्या पाठीवर माणूस बसवला. पुढच्या वर्षी उजव्या पायाची मागची शीर सुजली, हाताला चटका बसावा इतकी गरम. तरी इंजेक्शन मारून पळवली. जिंकली त्या दिवशी मालकीणबाईंनी गळ्यात हात टाकून फोटो काढले. हरली त्या दिवसापासून बाईंना तबेल्याचा रस्ता सापडेना. मी ट्रेनरच्या अंगावर पाण्याची बादली उपडी केली आणि निघून आलो.

आता तीच घोडी, तोच पाय, आणि चैत्राच्या यात्रेत तुम्ही तिला बैलगाड्यांच्या शर्यतीला घाटात तुमच्या बैलांपुढं पळवणार? तिच्यासाठी तुम्ही काळी घोडी विकलीत. तुमचे बैल वासरं होते तेव्हापासून जिच्या मागं पळाले ती काळी! आणि ही दिली कुणी, तर शिक्रापूरच्या सत्यजीतनं, ज्याचं स्थळ तुमच्या अक्षदाला आलंय. सोयरीक जमायच्या आधीच जावयाचा आहेर गोठ्यात बांधलात.

टिकलीला पळवू नका. पळवलीत तर मला भाचा म्हणू नका.

मामीस नमस्कार, हा मात्र माझ्या मनानं. तुमचा लोभ आहे तेवढा पुरे.

गोकुळ


शिरूर
११ मार्च २०२५

चि. गोकुळ यास मामाचा आशीर्वाद. तुला लागत नसंल तर आक्काला दे, वाया घालवू नको.

पोस्टमन म्हणला, मामा, आता टपालानं पत्र येतं ते कोर्टाचंच. म्या म्हणलं, ह्ये त्याच्याहून वाईट हाय, भाच्याचं हाय.

रेसवाल्यांचा राग तू माझ्यावर काढतुयास. त्यांनी टाकली, म्या आणली. आणली नसती तर आज कुठं असती ती? लग्नाच्या बँडपुढं नाचत, न्हाईतर त्याच्या बी पल्याड. हितं तिला दूध हाय, अंडी हायती, गूळ हाय, पायाखाली वाळू पसरलीया. तुझी मामी मला च्या द्यायला विसरती, पर घोडीचं खाणं विसरत न्हाई. आन् ज्या तबेल्याची तुला एवढी चीड, तिथली भाकरी तू दोन वर्षं खाल्लीस. तवा तुझी दया कुठं बांधून ठिवली हुती?

घोडं पळायलाच जन्माला येतं. कोर्टानं शर्यती थांबवल्या आन् आपलं घाट बंद हुतं तवा बैलं गोठ्यात उभ्या उभ्या बसकी झाली. पुन्हा सुरू झालं तवा म्हातारी माणसं घाटावर येऊन रडली. त्ये तू बघितलं न्हाईस, कारण तू तवा बी कायतरी सोडून कुठंतरी गेला हुतास.

खरं सांगू का? तुझ्या डोळ्यात घोडीचा पाय न्हाई, सत्यजीत खुपतोय. कॉलेज सोडलंस, तबेला सोडलास, आता उसाच्या ट्रॅक्टरवर बसतोस, त्ये बी सोडशील. मामाची पोरगी म्हंजी येष्टीतली सीट न्हाई, खिडकीतनं रुमाल टाकला की तुझी झाली!

आक्काच्या गुडघ्याला तेल लाव. एवढं तरी धरून ठेव.

तुझा, तरी बी मामाच,
हनुमंत


खुटबाव
१५ मार्च २०२५

प्रिय अक्षदा,

पत्रिकेत तुझ्या नावामागं चि. सौ. कां. लागायच्या आत साधं अक्षदा म्हणून घेतो. पत्र तुझ्या मैत्रिणीच्या, मोनिकाच्या पार्लरच्या पत्त्यावर टाकतोय, तिला म्हणावं उघडून वाचू नको.

मामा ऐकत नाहीत, तू तरी बघ. टिकलीच्या पुढच्या दोन्ही पायांवर मागच्या बाजूनं हात फिरव. उजवा जास्त गरम लागेल आणि शीर धनुष्यासारखी फुगलेली दिसेल. वाळूवर ती लंगडणं लपवते. लपवायलाच शिकवलंय तिला. घट्ट जमिनीवर दुडकी चालवली की दुखरा पाय टेकताना मान वर झटकते. तिथं कुणाला खोटं बोलता येत नाही. कुणी सुई घेऊन आला तर त्याला दारातूनच हाकल.

तबेल्यात पंचवीस-तीस घोडी होती. रेस हरलेलं जनावर गाडीत चढवताना बाकीची खिंकाळतात, ते माझ्या कानातून जात नाही. कुठं नेतात ते विचारलं की सईसांवरचा जमादार म्हणायचा, तू पगार घे आणि गप बस.

सत्यजीतला घोडीवर कुठल्या बाजूनं चढतात ते ठाऊक नाही, पण बूट पांढरेशुभ्र. त्याचे दात मी एक दिवस हातात देणार आहे. तू फक्त हो म्हण. माझ्या मित्राची खोली आहे पुण्याला. मी स्टँडवर येतो, आपण निघू.

तुझाच,
गोकुळ


शिरूर
२४ मार्च २०२५

श्री. गोकुळराव यांस,
स. न. वि. वि.

दोन पानं पत्र आलं. त्यात घोडीला दीड पान, सत्यजीतच्या बुटांना आणि दातांना दोन ओळी, आणि मला उरलेलं. मोनिकानं उघडून वाचलंच. ती म्हणाली, हा मुलगा लग्न कुणाशी करणार आहे ते आधी विचार.

पाय बघितला. तू म्हणतोस तसाच आहे. आप्पांना सांगितलं तर म्हणाले, उन्हानं तापला असेल. मी विचारलं, मग ऊन एकाच पायावर पडतं का? त्यांनी मला अभ्यासाला बसायला सांगितलं.

रविवारी घाटात सराव झाला. माणसांचा आरडाओरडा ऐकला आणि टिकली गोळी सुटल्यासारखी गेली. तिला वाटलं असेल पुन्हा रेसच आहे. घोडी धरणारा, म्हणजे वर बसलेला, पहिल्याच हिसक्यात खाली पडला. आणि आपले बैल? ते अर्ध्यात उभे राहून इकडं तिकडं बघत होते. काळी कुठं गेली म्हणून शोधत होते रे. लोक इतके हसले की आप्पा टोपी डोळ्यांवर ओढून उभे राहिले.

टिकली परत आली ती तीन पायांवर. मला वाटलं, संपलं. पण सत्यजीतनं काय अक्कल काढली ऐक. तो म्हणाला, मामा, झालं ते बरंच झालं, तिचा वेग मोडला. आता पाय बधिर करायची सुई दिली की लंगडणार नाही आणि जास्त पळणारही नाही, बरोबर बैलांच्या मापात येईल. आप्पांनी हो म्हणून मान हलवली. ती मान मला आवडली नाही.

आता तुझं. पळून जायचं तू ठरवलंस, खोली ठरवलीस, स्टँड ठरवला. माझं शेवटचं वर्ष आहे हे कुणाला विचारून विसरलास? सत्यजीतला मी नाही म्हणणारच आहे. म्हणून तुला हो म्हटलं असं होत नाही.

आत्याला नमस्कार. राग आला असेल तर येऊ दे.

अक्षदा


शिरूर
२८ मार्च २०२५

चि. गोकुळ यास,
आशीर्वाद. ह्या खेपेला मनापासून, कारण काम हाय.

घोडी कुणाला अंगाला हात लावू देईना. मामीच्या हातनं खाती, पर पाठीवर कुणी बसू म्हणलं की कान पाडती. तू धरलीस तर धरू दील. यात्रा हाय, शर्यतीचं माझं टोकन निघालंय, काळी ज्यानं घेतली तो परत द्यायला तयार न्हाई. मागं सरलो तर घाटावर तोंड दाखवता यायचं न्हाई.

यात्रेदिवशी घोडीवर तू बस. सुईचं सत्यजीत बघंल. आपला गाडा पैला आला तर म्या सोता आक्काकडं येतो, आन् अक्षदाचं बोलणं करतो. सत्यजीतला काय सांगायचं त्ये माझं मी बघतो. मामाचा शबूद हाय.

तुला बी पोरगी पायजेच हाय. उगं लांबण लावू नको.

तुझा मामा,
हनुमंत


खुटबाव
१ एप्रिल २०२५

ती. मामांस,
सा. न.

तुमचं पत्र वाचून मी हो लिहिलं होतं. लपवत नाही. लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. आई विचारत होती, चुलीत एवढे कागद कसले.

सुई दुखणं मारते, जखम नाही. पाय दुखतो म्हणून ती जपून टाकते, तेवढंच तिच्या हातात उरलंय. तेही काढून घेतलंत की ती भरवशानं पाय टाकणार, घाटाच्या मध्यावर पायाची नळी मोडणार, आणि मागून तुमचेच बैल तिच्या अंगावर जाणार. मी वर बसलेला असेन आणि तुम्ही खाली फेटे उडवत असाल. रेसवाले तरी परके होते, मामा. त्यांनी गूळ खाऊ घालून हे केलं नाही.

आणि अक्षदाला बक्षिसात लावताना तुमची जीभ कशी रेटली? ढाल, मोटारसायकल आणि पोरगी! हे तिला वाचून दाखवा. नाही दाखवलंत तर मी दाखवीन.

मी येणार नाही. टिकलीला सुई टोचलेली कळली तर मात्र येईन, आणि तेव्हा सत्यजीत, तुम्ही, कुणाकुणाशी भिडायचं ते बघणार नाही.

लोभ नको.

गोकुळ


शिरूर
८ एप्रिल २०२५

गोकुळ,
न. वि. वि.

काल पाहुणे आले होते, सत्यजीत, त्याचे आईवडील आणि दोन गाड्या भरून माणसं. पोहे झाले, चहा आला. सत्यजीत घोडीचंच सांगत होता. म्हणाला, पायाला काही नाही, पाडव्याला सुई दिली, आता ठणठणीत. मी ट्रे घेऊन उभी होते. सगळ्यांसमोर म्हणाले, ठणठणीत आहे तर तुम्हीच बसा आणि अंगणात एक फेरी मारून दाखवा. आपलं अंगण कोब्याचं आहे, तुला ठाऊक आहे. सुईचा असर केव्हाच उतरला होता.

तो हसून टाळायला लागला. त्याच्या वडिलांनाच चेव आला, म्हणाले, बस की रे, मुलीनं म्हटलंय. दोघांनी धरून त्याला वर बसवला. पहिल्या पावलापासून टिकलीची मान वर झटकायला लागली. दाराशी येऊन ती थांबली, उजवा पाय उचलला, तो टेकेचना. सत्यजीत लाजेनं लाल झाला आणि त्यानं कमरेचा पट्टा काढून तिच्या कानामागं हाणला. पुन्हा हाणला.

आईनं काही केलं नाही, फक्त पाहुण्यांच्या हातातले अर्धे प्यालेले कप एकेक करून काढून घेतले. त्याच्या आईच्या हातातला सुद्धा. उठले सगळे.

तू म्हणशील शाब्बास. म्हणू नकोस. तिला दुखणार हे त्या अंगणात फक्त मला ठाऊक होतं, आणि तरी मी तिला चालवलं. माझ्या कामासाठी. रेसवाल्यांनी त्यांच्या कामासाठी, आप्पांनी त्यांच्या, मी माझ्या. सकाळपासून तिच्या पायाला थंड पाण्याच्या घड्या घालतेय. ती मला काही करत नाही, हेच वाईट वाटतं.

अक्षदा


शिरूर
१० एप्रिल २०२५

गोकुळ यास,

स्थळ मोडलं, टोकन परत केलं. तुमच्या दोघांच्या मनासारखं झालं.

घोडी माझ्या डोळ्यापुढं नको. येत्या सोमवारी व्यापारी न्यायला येतोय, कुठं नेणार त्ये म्या इच्यारलं न्हाई. तुला पायजे तर त्याच्या आधी ने. पर नेलीस तर पोरीचं नाव काढायचं न्हाई. पोरगी पायजे असंल तर घोडीचं विसर आन् आक्काला घिऊन रीतसर बैठकीला ये. दोन्ही तुझ्याच दारात गेली तर लोक म्हणतील, भाच्यानं मामाचं घर धुवून नेलं.

एक काय त्ये सांग. लोभाचं मग बघू.

हनुमंत


शिरूर
१६ एप्रिल २०२५

गोकुळ,
न. वि. वि.

तू टेम्पो घेऊन आलास तेव्हा मी आतच होते. आप्पांनी तुला विचारलं, अट वाचलीस का, नक्की का. तू म्हणालास, फळी जरा सपाट लावा, तिचा पाय घसरेल. एवढंच. घराकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाहीस. टेम्पोच्या हौद्यात उसाचं पाचट किती जाड अंथरलं होतंस, ते मात्र आई दिवसभर सगळ्यांना सांगत होती.

मला राग आला. खोटं कशाला लिहू. कुणीतरी माझ्यासमोर मला सोडून घोडी निवडली, हे मोनिकाला सांगताना हसू आणावं लागलं. पण तू बैठकीला आला असतास आणि टिकली व्यापाऱ्याच्या गाडीत चढली असती, तर तुझ्या ताटात वाढताना माझा हात थांबला असता. कायमचा.

आप्पांची अट तुझ्यावर आहे, ती तू पाळ. माझ्यावर कुणी अट घातलेली नाही, मला कुणी विचारलंच नव्हतं. परीक्षा मे महिन्यात संपते. दौंडची गाडी कुठल्या फलाटाला लागते ते मला माहीत आहे. तू न्यायला यायचं नाहीस, कुणाला पाठवायचं नाहीस आणि वाट बघतोय असं कळवायचंही नाहीस. मला यावंसं वाटलं तर मी येईन.

तोवर टिकलीच्या पाठीवर कुणी बसायचं नाही. पाय बरा झाला तरी नाही. तूसुद्धा नाही.

आत्याला नमस्कार. तुला काय लिहावं ते अजून ठरत नाही.

अक्षदा