मिरचीच्या पोत्यांतलं रेकॉर्डिंग

१२ जानेवारी २०२५, रविवार

सुरतच्या त्या स्टुडिओच्या नावानं आज आंघोळ केली. तीन वर्षांपूर्वीची आमची पहिली रेकॉर्ड पुन्हा लावून ऐकली. दोनच गाणी, पण इतकी गुळगुळीत की गाणारी मी आहे हे मलाच पटेना! माझ्या गिटारची खरखर त्या इंजिनिअरनं निवडून निवडून काढली. अरे, खरखरीसाठीच तर एवढा खटाटोप! दुसरी रेकॉर्ड मोबाइलवर केली, प्रकाशाला, तापीच्या घाटावर. माझंच गाव, जागा फुकट. तिच्यात वारा जास्त, आम्ही कमी.

आता तिसरी. बहुतेक शेवटचीच. नमनला त्याचे पप्पा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की सुरतला धाडणार. तिथल्या चुलत्याच्या साडीच्या दुकानात बसायचं, कायमचं. त्याचे पप्पा, केवलचंदकाका, वाईट नाहीत. धंद्यात पडलं की असले नाद सुटतात, एवढंच त्यांचं म्हणणं. पण नमन गेला की बँड संपला. गिटार आणि गळा माझा, ड्रम भाग्येशचा. बाकी सगळं नमनचं — हार्मोनिका, माइक, वायरी. शिवाय माझी आणि भाग्येशची भांडणं सोडवणाराही तोच. भाग्येश माझा मामेभाऊ, लग्नसराईत बेंजो पार्टीत वाजवतो. त्यामुळे कुठल्याही गाण्याची वरात करतो!

१९ जानेवारी

जागा मिळाली! नंदुरबारबाहेरची केवलचंदकाकांची पथारी. ओली मिरची वाळत घालायचं ते लालभडक मैदान आणि कडेला पत्र्याची शेड. रविवारी बाजार बंद, ओरडायला कोणी नाही.

फक्त पत्रा फार घुमतो. एक ढोल वाजवला की चार ऐकू येतात. यावर नमनची अक्कल: शेडमध्ये सुक्या मिरचीची पोती पडून आहेत, ती चारही बाजूंनी रचून भिंती करायच्या. मोठ्या स्टुडिओत म्हणे फोम लावतात. आपल्याकडे पोती! मी त्याला खणखणीत टाळी दिली. बँडचं नावही ‘फटकी’ — पांढरी पडलेली, मालातून बाजूला काढलेली मिरची. सगळं कसं जुळून आलं.

२ फेब्रुवारी

काय सांगू! हसून हसून पोट दुखतंय आणि डोळ्यांतलं पाणी थांबत नाही.

सकाळी पोती रचली. आवाज कसा घट्ट, जवळचा! पहिलं गाणं झकास झालं. दुसऱ्याला भाग्येश रंगात आला. मग त्याची थाप पडली की पोती हलायची आणि पोती हलली की बारीक लाल धूळ. थाप, धूळ. थाप, धूळ. आधी नमन खोकला, हार्मोनिका तोंडात असतानाच. तो सूर मी जन्मात विसरणार नाही. मग मी. मग भाग्येश — पण बेंजो पार्टीचा गडी, खोकत खोकतही ताल सोडला नाही. आम्ही तिघं मिरचीच्या जिल्ह्यात जन्मलो, वाढलो. एकाच्याही डोक्यात आलं नाही!

थांबलो मात्र नाही. माझंच गाणं चालू होतं, ‘मन्ही मिरची पांढरी पडनी, आते माले भाव कोन देई’. ते मी रडतच म्हटलं, खरोखरच्या पाण्यानं. शेवटच्या कडव्याआधी मी एक ठेका गप्प बसते. नेमक्या त्या ठेक्याला दार उघडून केवलचंदकाका आत! पोती कोणी हलवली म्हणून ओरडायला आले होते. तोंड उघडलं आणि ठसका लागला तो असा की एक शब्द फुटेना. खोकले, खोकले, हात हलवत बाहेर गेले. मी शेवटचं कडवं उचललं.

बाहेर सिंधुमावशी उभ्या. पथारीवर देठ खुडणाऱ्या बायकांच्या त्या पुढारी. गुळाचा खडा हातावर ठेवला नि म्हणाल्या, “ढोल वाजाडाले मिरचीनं गोदामच सापडनं का तुमले?”

३ फेब्रुवारी

डोळे अजून सुजलेले. कॉलेजच्या लॅबमध्ये सरांनी हळू आवाजात विचारलं, घरी सगळे बरे आहेत ना? हो म्हटलं आणि फिस्सकन हसले. आता ते जास्तच काळजीत आहेत.

९ फेब्रुवारी

आवाज साफ करून घ्यायला नाशिकच्या एका इंजिनिअरला गाणी पाठवली होती. त्याचं उत्तर: खोकला निघणार नाही, पुन्हा करा. म्हणून काल भाग्येशच्या घरी, गाद्या लावून, पुन्हा केलं. एकही चूक नाही. आणि एकदम मढं! ब्लूज म्हणजे रडगाणं, पंक म्हणजे भांडण — असं मीच कॉलेजच्या पोरांना ऐटीत सांगत फिरते. काल ना रडणं होतं ना भांडण. तीन शहाणी माणसं गादीवर बसून वाजवत होती. गादी लावली की आपल्याला सभ्यपणा येतो, हे भाग्येशचं मत. पहिल्यांदाच पटलं.

१६ फेब्रुवारी

खोकला ठेवायचा. ठरलं!

पण काकांचा खोकला? सगळ्या रेकॉर्डमधली सर्वांत भारी जागा तीच. तीन वर्षं शोधत होते तो आवाज मला त्यांच्या घशात सापडला. पण त्यांच्या कानावर गेलं की बापाची टिंगल केली असंच वाटणार. मग नमनला धाडायला आखाजीपर्यंतही थांबायचे नाहीत. भाग्येश म्हणाला काढून टाक. मी म्हणाले काढलास तर माझं नाव टाकू नकोस. कडाक्याचं भांडण झालं. नमन नेहमीप्रमाणे मध्ये पडला नाही, नुसता वायर गुंडाळत बसला. मग म्हणाला, राहू दे. सुरतला गेल्यावर ऐकायला पप्पांचा आवाज तरी असेल.

मला रडू आलं आणि या वेळी मिरची नव्हती.

२ मार्च

रेकॉर्ड टाकली नेटवर.

९ मार्च

अग्गोबाई! लोक ऐकतायत! पुण्यात नोकरी करणारा विसरवाडीचा एक जण लिहितो, खोकला ऐकला आणि गावी आल्यासारखं वाटलं, सुट्टीच टाकली. अक्कलकुव्याच्या मोबाइलच्या दुकानात दिवसभर आमचं गाणं वाजतं म्हणे. कोणीतरी विचारलंय, तो शेवटचा खोकणारा कलाकार कोण? नमननं उत्तर दिलं नाही. मीही नाही. भाग्येशनं लिहिलं, ‘पाहुणे कलाकार’. गाढव!

१३ एप्रिल

आज पथारीवर कार्यक्रम झाला. हंगाम सरला, मैदान रिकामं, माती अजून लाल. काकांची परवानगी नमननंच काढली. जाण्याआधी एकदाच, म्हणाला. मला वाटलं चाळीस टाळकी येतील. आली ती मावेनात! बेंजो पार्टीवाले सगळे, कॉलेजची पोरं, देठ खुडणाऱ्या बायका पोराबाळांसकट. आई-आप्पा प्रकाशाहून आले. आप्पा पुढच्या रांगेत, कानात कापूस घालून, चेहरा मात्र अभिमानानं फुललेला. माझं गाणं एवढं मोठं वाजतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणजे रेकॉर्ड ऐकली होती!

काका मागे, आपल्या मोटरसायकलला टेकून, हाताची घडी घालून उभे.

शेवटी ‘मिरची पांढरी’ घेतलं. ती जागा आली. मी गप्प झाले, भाग्येशनं काठी वर धरली, आणि सगळं मैदान एकदम खोकलं! बायका, पोरं, बेंजोवाले, सगळे — काकांसारखेच, तीच उबळ, तसाच हात हलवत! मी शेवटचं कडवं विसरलेच. हसत सुटले. हवेत मिरचीचा कण नव्हता, तरी डोळे वाहत होते. तीन वर्षांत एवढी सुखात मी कधी नव्हते.

मग मागे पाहिलं. हा खोकला आपलाच, हे काकांना कळलं होतं. सिंधुमावशी त्यांच्याकडे वळून तोंडाला पदर लावून हसत होत्या. काका हसले नाहीत. मोटरसायकल चालू केली आणि गेले.

१४ एप्रिल

नमनचा फोन बंद.

१६ एप्रिल

नमन भेटला. घरात कोणी काही बोलत नाही, म्हणाला. पप्पा जेवतात, पेढीवर जातात, परत येतात. बॅग भरायला काढली आहे. मी माफी मागायला घरी येते म्हटलं, तर नको म्हणाला. रविवारचा आनंद आज खायला उठतो तो असा. तरी ती जागा आठवली की हसू येतंच, काय करू!

२७ एप्रिल

आखाजीला निरोपाची तालीम करायची ठरली. शेडमध्येच, यंदाच्या शिल्लक पोत्यांत. संध्याकाळी नमनची सुरतची गाडी. भाग्येशनं वरातीचं एकही गाणं वाजवणार नाही असं कबूल केलंय. म्हणजे त्यालाही वाईट वाटतंय.

३० एप्रिल, आखाजी

नमन बॅग घेऊनच आला. पहिलं गाणं लावतोय तोच दारात केवलचंदकाका. आमचे हात जागच्या जागी. काका आत आले, एक पोतं ओढून माझ्या माइकसमोर ठेवलं, त्यावर बसले. रेकॉर्ड ऐकली म्हणाले, आणि सुरतेला कळवलंय, दुकानाला दुसरा माणूस बघा. मग घसा साफ करून मला विचारलं, “पोरी, नवा गानामा मी कठे खोकू?”