पंचेचाळीस दात्यांचं चाक

४ जानेवारी

बाबांचं घड्याळ अखेर उघडलं. एकोणचाळीस वर्षं आईच्या कपाटात, मोज्यात गुंडाळलेलं! दादा पोहण्याच्या तलावात बुडून गेला तेव्हा बाबांच्या हातात हेच होतं. दादा पाण्याखाली दम धरायचा, बाबा बटण दाबून मिनिटं मोजायचे. तीन झाली की कमरेची दोरी ओढायची. एवढं साधं.

‘मी तीनलाच ओढला,’ बाबा मरेपर्यंत म्हणत राहिले. डॉक्टर म्हणाले होते, तीन मिनिटांत असं होत नाही. आईने जो अबोला धरला तो कायमचा. मीही तिच्याच बाजूचा. खोटारडे म्हणालो त्यांना — तोंडावर.

आता घड्याळं दुरुस्त करण्याचं दुकान बंद केलंय, हात रिकामे. हे एक नीट करायचं. नवं काही घालणार नाही. त्या काळचे, त्याच बनावटीचेच भाग.

६ जानेवारी

जुन्या बाजारात याचा जुळा भाऊ मिळाला! त्याच साली बनलेलं, बंद पडलेलं घड्याळ. त्याची बटणं, काटे काढून बाबांच्यात बसवले.

मास्तर आठवले. दादा गेला त्या साली मी त्यांच्याकडे नवशिका होतो. ते डबी-तबकडी काढून नुसतं यंत्र पुढ्यात ठेवायचे. ‘कुणाचं आहे ते कळलं की हात थरथरतो रे!’ बसवलेल्या भागावर आपली खूण कोरायची, म्हणजे शिवी कुणाला घालायची ते कळतं. माझी तीन टिंबं.

७ जानेवारी

दुपारी पावणेचारला मोजणीचा काटा आपोआप सुटला. मी दारात होतो, बटणाला कुणाचा हात नाही! मिनिटांचा काटा तीनच्या जरासा पुढे गेला नि सगळं थांबलं. काचेला आतून वाफ धरलेली.

शेजारच्या खोलीत आई झोपेत बोलली, ‘आला का वर?’

स्प्रिंग सैल असेल. बदलतो.

८ जानेवारी

स्प्रिंग बदलली. पावणेचारला पुन्हा. दादा गेला तीच वेळ.

९ जानेवारी

आज भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवून बसलो. काटा पळाला पूर्ण पाच मिनिटं — आणि दाखवली तीनच्या जराशी वर!

लगेच उघडलं. मिनिटं मोजणाऱ्या चाकाला तीस दाते हवेत. तीनदा मोजले — पंचेचाळीस. दुसऱ्याच घड्याळाचं चाक! चार मिनिटं झाली तरी काटा तीनच्या अलीकडेच रेंगाळतो.

बाबा खरं बोलत होते.

त्या दिवसाच्या आठवडाभर आधी त्यांनी घड्याळ दुरुस्तीला टाकलं होतं. कुणाकडे, ते कुणी विचारलंच नाही. कुण्या गाढवाने बसवलं हे? हात झडोत त्याचे!

११ जानेवारी

जुळ्याचं तीस दात्यांचं चाक बसवलं. जुनं बाजूला ठेवलं.

पावणेचार. काटा सुटला. एक, दोन, तीन... पाचवर थांबला. काचेवर वाफ. मीसुद्धा दम धरून बसलो होतो, हे छाती दुखायला लागल्यावर कळलं. भीती वाटली. फार.

१२ जानेवारी

आईला सगळं सांगितलं. तिने बाबांचा फोटो माळ्यावरून काढायला लावला, पदराने पुसला. ‘किती वर्षं बोलले नाही रे मी यांच्याशी,’ म्हणाली. मला रडू आवरेना.

संध्याकाळी तिने हाक मारली.

‘ते चाक ज्याने बसवलं, तो असेल का रे अजून?’

‘असेल.’

‘शोध. मला एकदा त्याचं तोंड बघायचंय.’

शोधतो म्हणालो. जुनं चाक पेट्रोलमध्ये टाकून ठेवलंय. वाळक्या तेलाचा थर सुटला की भिंगाखाली धरेन.

१३ जानेवारी

चाक स्वच्छ झालं. पाठीवर तीन टिंबं.

आई आतून विचारतेय, ‘सापडला का रे?’